सरळ पातं की वाकडं?

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार
भिलाईच्या आमच्या दवाखान्यात दोन नवे लॅरिंगोस्कोप आले. एक सरळ पात्याचा, दुसरा वाकड्या पात्याचा. बेशुद्ध पेशंटच्या घशात श्वासाची नळी घालताना जीभ उचलायला लागतात. चांगला कुठला, यावर डॉक्टर लोक भांडताहेत. भूल देणारा मी, तेव्हा निकाल मीच लावणार. नागपूरच्या कॉन्फरन्सला पेपर वाचायचा. सूट शिवायला टाकला.

१६ नोव्हेंबर
हर्निया, अपेंडिक्स. डोक्याखाली उशी, मान मागे, नळी आत. दोन्ही पाती उत्तम. माझाच हात इतका बसलाय की फरक कळत नाही. ही एक अडचणच आहे.
घरी सरावासाठी बायकोला, कांताला, तोंड उघड म्हटलं. उघडलं, पण मला झापायला.

२० नोव्हेंबर
पोलाद प्लँटमधला बळीराम, दोरखंडानं अवजड लोखंड वर चढवणारा रिगर, मचाणावरून पडला. मानेचं हाड मोडलंय, हातातली ताकद उतरत चाललीय. नागपूरहून सर्जन येणार. मान जरासुद्धा हलता कामा नये. इथे पात्यांतला फरक दिसेल; पेपरला अशीच केस हवी होती. वाईटही वाटलं, अर्थात.

२१ नोव्हेंबर
पातं चिठ्ठी टाकून ठरवणार. पक्षपात नको. बळीरामच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, हे शास्त्र समजावलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी कावून टाकता डाक्टरसाहेब? तुमाले जे जमते तेच लावा ना."
शास्त्र सगळ्यांना कळत नाही. मला तर दोन्ही जमतात.

२२ नोव्हेंबर, सकाळी
चिठ्ठी निघाली: वाकडं. शुभ वाटतंय.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
सर्जननी आधी उशीच काढायला लावली. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. बळीरामला भूल दिली. वाकडं पातं घातलं, नुसती जीभ दिसली, श्वासनलिकेचं तोंड नाहीच. सरळ घातलं, तीच जीभ. मान थोडी मागे करू का, असं विचारलं. सर्जननी पिशव्या आणखी घट्ट सरकवल्या. नाडी मंदावली. मास्कनं ऑक्सिजन देत देत त्याला जागं केलं.

ऑपरेशन पुढे ढकलता येईना. मग सर्जननी जागेपणीच, मान बधिर करून केलं. बळीराम पालथा, मी टेबलाखाली त्याच्या तोंडाशी बसलेला. मला दुसरं कामच उरलं नव्हतं. इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

तो म्हणाला, "साहेब, बहुत दुखून राहिलं. तुमी बोलत राहा."

दोन पात्यांतला फरक समजावू लागलो. दात आवळून तो ऐकत होता.

"मंग चांगलं कोनतं, साहेब?"

मी त्याचा घाम पुसत राहिलो.