शब्दाच्या बदल्यात वावर

मी, भटू झुलाल बोरसे, वय बावन्न, राहणार पारोळे, जिल्हा पूर्व खानदेश, धंदा पूर्वी नामदारांना सल्ला देणे व हल्ली शेती, हे मृत्युपत्र राजीखुशीने माझ्याच हाताने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावून तोंड वाईट केले, म्हणून घाई. अक्कल ठिकाणावर आहे. पुरावा पाहिजे असल्यास, परवा माझा पुतण्या पंडित केळ्यांची करंडी घेऊन प्रकृती विचारायला आला, तेव्हा करंडी खाली टेकण्याआधीच मी ओळखले की तो वावराची चौकशी करायला आला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे मला कधीच सोडून गेले.

कलम पहिले. किल्ल्याच्या खंदकाजवळचे राहते घर, पोस्टातली शिल्लक आणि दुभती म्हैस माझी पत्नी मंजुळाबाई हिला. आम्हाला मूलबाळ नाही. तिने माझ्यावाचून संसार केला, कारण मी नेहमी मुंबईला, नाहीतर पुण्याला. ती म्हणते, "म्हैस तरी सांजले घर येस." म्हणून म्हशीचा उल्लेख खास केला आहे.

कलम दुसरे. नामदार चुडामण पाटील, ज्यांना सारा जिल्हा आबा म्हणतो, त्यांच्यासाठी मी लिहिलेल्या भाषणांच्या दोन पेट्या सुपडू शेववाल्याला द्याव्यात. पुड्या बांधायला बऱ्या. त्या भाषणांनी लोकांच्या हातात काही पडण्याची ही पहिलीच वेळ. आबांनी दिलेले फाउंटन पेन आबांना परत करावे. शाई भरू नये.

कलम तिसरे. हिवरवाड्याच्या शिवेवरचे माझे वावर. हे मी पगारातून घेतले, वडिलार्जित नाही. तेव्हा पंडितने वकिलाकडे जाण्याचे गाडीभाडे वाचवावे. या वावराचे काय करायचे ते समजण्यासाठी मागची हकिगत लिहिणे भाग आहे.

मी आबांचा खासगी चिटणीस. सावद्याच्या केळीच्या बागेतून त्यांना कौन्सिलापर्यंत नेताना माझेही खांदे झिजले. कोणत्या साहेबापुढे हसावे, कोणाच्या लग्नात पंगतीला बसावे आणि कोणाच्या लग्नातून अक्षता पडताच उठावे, हे मी सांगे आणि ते ऐकत. एकदा ऐकले नाही. त्यांच्या व्याह्यांना कापसातली सरकी काढायचे जीन टाकायचे होते आणि जागा पसंत पडली ती हिवरवाड्याच्या गायरानाची. मी म्हटले, "आबा, आधी गावाला दुसरे कुरण मोजून द्या. मग हे घ्या."

"मोजणीला वेळ लागतो रे भटू," आबा म्हणाले. "तू जाऊन शब्द दे. तुझा शब्द तो माझाच."

मी गेलो. चावडीवर सारे गाव बसले होते. नाल्याकडची सरकारी पड जमीन पावसाळ्याआधी तुम्हाला कुरण म्हणून मिळेल, असा आबांच्या वतीने शब्द दिला. गावाने गायरान सोडले. जीन उभे राहिले, भोंगा वाजू लागला, पावसाळा येऊन गेला. पड व्याह्यांनीच कापसाच्या गाड्या सोडायला घेतली.

पारोळ्याच्या बाजारात हिवरवाड्याच्या झुंबरबाईंनी मला गाठले. नवरा नाही, गायींवर घर चालते. भर बाजारात त्यांनी माझ्यापुढे रिकामे टोपले धरले. "भटूभाऊ, तू शबद दिन्हा व्हता ना? टाक मंग टोपलंभर शबद. मी मन्या गायीसले चारस."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण टोपले खाली येईना.

पुढे पुण्याला कौन्सिलात कोणीतरी याविषयी प्रश्न टाकला. कुरण लवकरच देण्यात येईल, असे उत्तर मी लिहून दिले आणि वर गॅलरीत बसलो. आबा उठले, माझा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "असे कोणतेही वचन मी दिलेले नाही. माझ्या माजी चिटणिसांनी स्वतःच्या जबाबदारीवर काही सांगितले असल्यास मला कल्पना नाही." माझी नोकरी गेल्याची बातमी मला अशी कळली. आबांच्या मागे, कागद पुरवणाऱ्यांच्या बाकावर, नवे चिटणीस येऊन बसलेही होते. त्यांना इंग्रजी अर्ज लिहायला मीच शिकवले होते. तो आमचा पंडित.

बाहेर मी त्याला विचारले, "तुला ठाऊक होते?"

"नाना, तुम्हीच सांगत होते ना, मोठ्यांच्या भानगडीत आपण पडू नये?"

सांगत होतो खरा. पोरगा हुशार निघाला.

घरी येऊन मंजुळाबाईला सारे सांगितले. तिने चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आबा मुकरी गया, मुकरू द्या. शबद तुम्हनाच तोंडना शे. दी टाका वावर." जिल्ह्याला सल्ला देणाऱ्या माणसाला मिळालेला हा एकच सल्ला.

म्हणून सदर वावर, विहीर व बांधावरच्या निंबांसह, हिवरवाडे गावाला कायमचे गायरान म्हणून देत आहे. देखरेख गावच्या पंचांनी करावी. तिथे कमान, कोनशिला किंवा कोणाचेही नाव नको. सभा भरवायची नाही. गुरांनाही विश्रांती हवी.

कलम चौथे. माझा काळा कोट पंडितला. वाकून वाकून पाठीत सैल झाला आहे. त्याला आज बसला नाही, तरी लवकरच बसेल.

कलम पाचवे, आणि हे काळजीने वाचावे. माझे दहावे बोरी नदीवर होईल. क्रिया पंडित करील, दुसरा कोणी नाही. आबा येतील. मेलेल्या माणसाजवळ ते वेळेवर येतात. ही सवय मीच लावली. पिंडाला कावळा शिवणार नाही. लोक चुळबूळ करतील, पंडित आबांकडे पाहील, आणि आबा हात जोडून पुढे होतील, "भटू, तुझी इच्छा मी पुरी करीन." त्यांना तिथेच थांबवावे. कावळा भोळा असतो. शिवून मोकळा होईल, आणि मग मला परत येऊन विचारता यायचे नाही.

त्याऐवजी असे करावे. त्या सकाळी वावराचे काटेरी कुंपण काढून गुरे आत सोडावीत. मग झुंबरबाईंनी नदीवर यावे. बायका तिथे येत नाहीत असे कोणी म्हणाले, तर गायरान गेले तेव्हा हे शास्त्र कुठे होते, ते त्याला विचारावे. झुंबरबाईंनी वचन देऊ नये, इच्छा पुसू नये. डोळ्यांनी पाहिलेले तेवढे सांगावे, "भटूभाऊ, गायी तुना वावरमा चरी ऱ्हायन्यात." त्यांनी सांगितले तर मी मानीन.

तरीही कावळा आला नाही, तर दर्भाचा करू नका. पिंड उचलून झुंबरबाईंच्या गायीपुढे ठेवा. इतके दिवस वाट तिने पाहिली आहे.

हे मी लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली. वाचताना एकजण हसला, एकाने डोळे पुसले. दोघेही शुद्धीवर होते.

भटू झुलाल बोरसे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार
तोताराम वेडू शिंपी, राहणार पारोळे, सही
धनसिंग फकिरा, राहणार हिवरवाडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम पारोळे, तारीख ११ नोव्हेंबर १९३४