यंत्र म्हणतंय, पद्मा चोर

प्रिय दत्ता,

तू गेल्यापासनं तुला एक ओळ लिहिली न्हाय. मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं, असलं काय मला जमत न्हाय. पण काल विद्यापीठातनं डोकं फिरवूनच आलोय. तुझी पद्मा, जिची पीएचडी तू अर्ध्यात टाकून गेलास, तिला तिथलं यंत्र चोर म्हणतंय. आणि चोरी कुणाकडनं केली? तर म्हणे तुझ्याकडनं! मग आता तुला न्हाय तर कुणाला विचारू?

परवा ती वडगावात घरी आली. साडीचा माग चालू होता, तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून बंद केला. निपाणीकडची पोर, एरवी किती खमकी. पण परवा दारातच उभी. "अण्णा, माझ्या विषयावर सरांनी काय छापलंय का हो?"

मी म्हटलं, "मला काय विचारतीस? मी सातवीत शाळा सोडलीया."

तवा तिनं सांगितलं. तुझ्यानंतर जे नवे गाईड आले, त्यांनी तिचं सगळं लिखाण कंप्युटरमधल्या चोरी पकडायच्या यंत्रात घातलं. निम्म्याच्या वर लाल आलं. लाल म्हणजे उचललेलं. आणि ते जुळतंय कशाशी, तर त्या यंत्रातल्या तुझ्या खात्यातनं आलेल्या कशाशी तरी. हे मिटलं न्हाय तर तिची डिग्री गेली. मुदतही संपत आलीया.

खरं सांगू? पहिला संशय तिच्यावरच आला. तिचा विषय काय, तर बाजारात माणसं मराठीत कानडी कशी मिसळत्यात. ह्यावर एवढी वर्षं काय लिहायचं असतं रं? मी तुला तवाच म्हटलंतं. तू हसलास, आणि मलाच फोनसमोर बसवून तिच्यासाठी माझं बोलणं भरून घेतलंस!

मग दुसरा संशय आला. तो लिहायला हात धजत न्हाय. पण तुझ्यापाशी नाटक कशाला? ती शेतकऱ्याची पोर, तू प्रोफेसर. तिचं घेऊन तू तुझ्या नावावर छापलंस काय, दत्ता?

तुला ह्या यंत्रांचं लई येड. लॉकडाऊनात मी एकदा टिळकवाडीला तुझ्याकडं आलतो. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर फोन उभा करून तू शिकवत होतास. पडद्यावर एक तोंड न्हाय, नुसती नावं. "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" तू विचारतोयस, आणि कोण हूं म्हणेना. मी म्हटलं, "पोरं झोपल्यात रं." तू म्हणालास, "झोपेत तरी चार शब्द जातील, अण्णा." असल्या माणसावर मी संशय घेतला! पण घेतला. आता काय करू?

काल पद्माबरोबर गेलो. गाईड तरणा, कपडे कडक इस्त्रीचे. बोलतोय आमच्याशी, डोळे कंप्युटरवर.

"आपण कोण?"

"दत्ताचा थोरला भाऊ."

"बसा. सरांबद्दल आदरच आहे. पण रिपोर्ट स्पष्ट आहे."

"तुम्ही वाचलासा काय तो?"

"वाचायचं काय त्यात? वर टक्केवारी दिसते ना."

तवा पद्मा उठली. "सर, आकडा बघितलात. कशाशी जुळतंय ते खाली उघडा की. माझ्यासमोर उघडा."

त्यानं तोंड वाकडं करून उघडलं. ती खोटी ठरू दे म्हणू, की तू? देवाकडं काय मागू तेच कळंना.

आणि निघालं काय? तुझा लेख न्हवताच तो! पद्माचंच जुनं लिखाण, वर तिचंच नाव. टाकणारा तेवढा तू. तू जिता असताना तपासायला म्हणून तिची प्रकरणं त्याच यंत्रात घातली होतीस, आणि यंत्रानं ती ठेवून घेतली. म्हणजे पोरीनं स्वतःचंच चोरलं!

"टाकतानाच 'साठवू नका' असं निवडायचं असतं," गाईड म्हणाला. "सरांकडून राहिलं."

व्हय रं? मी कुठं सही करताना खालचं बारीक वाचत न्हाय म्हणून मला किती बोलायचास! आणि स्वतः?

मी उठलो. "चला, मिटलं."

"मिटलं कसं? जुनं आधी तिथून काढावं लागेल. ज्यांच्या खात्यातून आलंय त्यांनीच तशी विनंती करायची."

"तो मेलाय."

"हो, पण 'काढायचं का' असं विचारणारा मेल त्यांनाच जातो."

ऐकलंस? तुला मेल येतोय आणि तू उत्तर देईनास! यंत्राला जिता-मेला कळत न्हाय, ते सोड. पण त्या माणसाला? तिचं एक पान तरी वाचायचं की आधी!

बाहेर आल्यावर एक क्लार्क हळूच म्हणाला, "काका, घरात पासवर्ड असंल की. सरांच्या मेलवरनं दोन ओळी पाठवा. कोण बघतंय?"

मला पटलं. लगेच तुझ्या बायकोला, सुनंदाला फोन लावला. ती सांगायला लागली तेवढ्यात पद्मानं फोन हिसकून घेतला. "काकू, सांगू नका." आणि माझ्यावर डोळे वटारले. "अण्णा, मला चोर म्हटलंय. आता मेलेल्या माणसाच्या नावानं खोटा मेल धाडून सुटू व्हय?"

"अगं, मुदत संपतीया तुझी!"

"संपतीया. म्हणून सर होऊन लिहू?"

मला असला राग आला! बसमध्ये तिच्यापासनं लांबच्या सीटवर बसलो. घरी येऊन माग चालू केला, पण मन लागंना. पोरगी बरोबर बोलली, दत्ता. डिग्री जायची वेळ आलीया तरी तिनं तुझं नाव वापरलं न्हाय. आणि मी भाऊ असून वापराय निघालतो.

तवा ऐक. सोमवारी मी परत विद्यापीठात जाणार. तुझ्या मृत्यूचा दाखला बरोबर घेणार आणि जुनं लिखाण काढायचा अर्ज माझ्या हातानं, माझ्या नावानं लिहिणार. अक्षर वाकडं असू दे. तो गाईड न्हाय म्हणाला तर त्याच्या वरच्याकडं, तो न्हाय म्हणाला तर त्याच्या वरच्याकडं. मुदत वाढवूनही मागणार. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत दारात. पद्माचं लिखाण पद्माचंच हाय, असं त्यांच्या तोंडातनं निघंपर्यंत मी तिथनं हलत न्हाय. शब्द देतो तुला.

तुझ्यावर संशय घेतलेला, आणि तरी तुझाच,
अण्णा