गुरगुरणं बंद केलंस तेव्हा

प्रिय बाळ्या,

माझ्याकडे सोडलेल्या तुझ्या कुत्र्याला, ढब्बूला, न्यायला तू रविवारी येणार, असं सूनबाईंनी कळवलं. त्याआधी हे वाच. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. कागद तोंड मिटायला लावतो.

ढब्बूच्या सामानात तो पट्टा सापडला. आतून दोन धातूचे खिळे, सोबत रिमोट. बटण दाबलं की कुत्र्याला झटका. मी तो मनगटाला लावून बटण दाबलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. झटक्यापेक्षा किळसच जास्त आली. असली वस्तू कोणीतरी बनवतं, कोणीतरी विकतं आणि माझा मुलगा ती विकत घेतो! इंजेक्शन दिसलं की माझ्या पदराआड लपणारा तो हाच का?

तुझा मिशाळ ट्रेनर म्हणतो म्हणे, मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे. कळलं की! मी टॉवेल झटकला तरी तो पलंगाखाली शिरून मुतायचा. याला वळण म्हणतोस? आमच्या कॉन्व्हेंटात एक सिस्टर लाकडी पट्टी घेऊन फिरायची. आम्ही पोरी पुतळ्यासारख्या बसायचो आणि काही म्हणजे काही शिकायचो नाही.

बेल वाजली की तो दारावर झेपावतो, ही तुझी तक्रार. मी खिशात चीजचे तुकडे ठेवले. शेजारच्या शिंपीणबाईंना आधी दारावर नुसती टिचकी मारायला सांगितलं. टिचकी वाजली की सतरंजीवर तुकडा. मग जरा जोरात थाप, मग बेल. आता बेल वाजली की स्वारी सतरंजीवर जाऊन बसते आणि माझ्या खिशाकडे बघते. बेल मी वाजवायची आणि चीज त्याला, हा कुठला न्याय, असं शिंपीणबाई विचारतात. त्यांनाही देते एक तुकडा.

आता चावण्याचं. ढब्बू तुला न सांगता चावला, असं तू गावभर सांगत सुटलास. अरे, तो सांगत होता. आधी गुरगुरायचा, आणि गुरगुरला की तू बटण दाबायचास. ‘नको’ म्हणायची त्याच्याकडे तेवढी एकच सोय होती, ती तू काढून घेतलीस. मग दात लागल्यावर बोंब कसली ठोकतोस? काल त्याचे कान पुसताना तो गुरगुरला. हळूच, भीत भीत. मी हात मागे घेतला. किती बरं वाटलं मला, तुला सांगून कळणार नाही.

तो आता इथेच राहील, त्यावर चर्चा नको. पण एवढं लिहायला बसले ते त्याच्यासाठी नाही. परवा तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस की तुझी लेक हल्ली सुधारली आहे; उलट उत्तर देत नाही, काही मागत नाही, तू खोलीत आलास की गुपचूप उठून जाते. रविवारी तिला घेऊन ये आणि सुट्टीभर माझ्याकडे ठेवून जा. ज्या दिवशी ती माझ्यावर खेकसेल, त्या दिवशी तुला आनंदानं फोन करीन.

तुझीच, आणि तुझ्यावर भडकलेली,
आई