शिफारशीचा रकाना

व्हँग सर,

चाळिशीत कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री शिकतेय, फार्मसीला प्रवेश हवा म्हणून. परवा प्रयोगात आमची पावडर ओली राहिली आणि वजन अपेक्षेच्या शंभर टक्क्यांवर, एकशे बारा टक्के भरलं. प्रयोगातली जोडीदार करिसा म्हणाली, "ताई, अठ्ठ्याऐंशी लिही ना, कोण बघतंय?" मी एकशे बाराच लिहिलं. मार्क गेले.

तुम्ही फार्मासिस्ट होतात त्या औषधाच्या दुकानात मी मदतनीस असताना त्या आजींच्या बाटलीत चुकीच्या गोळ्या मी भरल्या होत्या. तुम्हाला ते माहीत होतं, तरी तुम्ही "चूक माझी" म्हणालात. तुमची नोकरी गेली आणि मी शेजारी गप्प उभी राहिले.

आता अर्जाला एका फार्मासिस्टची शिफारस लागते. मी प्रामाणिक आहे असं तुम्ही आनंदाने लिहून द्याल. म्हणूनच ती तुमच्याकडे मागत नाही.

येसेनिया,
फ्रेस्नो