वायपर, खोबरेल आणि अण्णांचं विमान

७ जानेवारी २००६, शनिवार. क्रॉयडन.

आसावरीचे वडील, अण्णा, येणार हे नक्की झालं. बावीस तारखेला सकाळी, हीथ्रो. मागच्या वेळी सासरेबुवांसाठी मी भाड्याची मिनीकॅब पाठवली होती, तर त्यांनी अख्ख्या सहकारनगरमध्ये सांगितलं की जावई हुशार आहे, पण त्याच्या गाडीचं खरं नाही. या वेळी मी स्वतः जाणार. स्टिअरिंगवर मी, शेजारी अण्णा, गप्प.

आसावरीने विचारलं, वायपरचं काय? ते काचेवर नुसते रडतात. मी म्हणालो, भरपूर वेळ आहे. बायकांना घाई फार.

८ जानेवारी, रविवार

हायस्ट्रीटवरच्या पार्ट्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, मॉडेल सांगा, बघून देते, बसवूनही देऊ. मी इंजिनिअर आहे असं तिला सांगितलं. सॉफ्टवेअरचा, हे सांगायची गरज नव्हती.

ड्रायव्हरच्या बाजूला लांब ब्लेड आणि पॅसेंजरच्या बाजूला आखूड, असं म्हणे असतं. मला पटलं नाही. दोन्ही लांब घेतली. अण्णांनाही सगळं दिसलं पाहिजे.

तिने काच धुवायचं निळं स्क्रीनवॉशही गळ्यात मारायचा प्रयत्न केला. आपल्या नळाला काय पाणी येत नाही?

११ जानेवारी, बुधवार

बसवणार होतो. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं. शनिवारी नक्की.

१४ जानेवारी, शनिवार

बसवली. जुनं ब्लेड निघता निघेना. निघालं तेव्हा नुसता दांडा काचेवर आपटला. काच फुटली नाही. गाडी घेताना पारख लागते ती अशी.

वायपर सुरू केले. दोन्ही मधोमध भिडले आणि एकमेकांत अडकून बसले. आसावरी खिडकीतून बघत होती. ती हसली नाही, हे जास्त लागलं. डावीकडे जुनं आखूड परत लावून टाकलं. शेवटी ड्रायव्हरला दिसणं महत्त्वाचं.

१७ जानेवारी, मंगळवार

कडाक्याची थंडी. अंघोळीआधी खोबरेलची बाटली घेतली तर आत दगड. आसावरीने रेडिएटरवर ठेवली, रोजच्यासारखी.

वायपर काचेला चिकटला होता. ओढला. रबराची कड जराशी फाटली. जराशीच.

अनुपचा फोन. माझ्याच टीममध्ये आहे, पिनरला राहतो, त्याला सगळंच येतं. म्हणाला, थंडीत वायपर उभे करून ठेवत जा, गाडीच्या पाण्याच्या बाटलीत स्क्रीनवॉश भर, ते गोठत नाही. वर म्हणाला, हीथ्रो मला जवळ पडतं, अण्णांना मीच आणतो ना. नम्रपणे नकार दिला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ नम्र नव्हतो.

२१ जानेवारी, शनिवार, संध्याकाळ

फाटलेलं रबर करकरतंय. दुकानं बंद झाली. पण उपाय सुचला, आणि असा की स्वतःचंच कौतुक वाटलं. आई कुकरच्या रिंगला खोबरेल लावायची. रिंग वर्षानुवर्षं मऊ राहायची. कुकरची रिंग रबराची, वायपरही रबराचा. इथल्या लोकांना हे कसं सुचणार?

दोन्ही ब्लेड स्वयंपाकघरात आणून मनसोक्त तेल चोळलं. बाटली संपवली. काय चकाकतायत! आसावरी म्हणाली, आधी अनुपला विचार. विचारलं नाही.

ब्लेड गाडीला लावली. उद्याचे कपडे काढून ठेवलेत. टायसुद्धा.

२२ जानेवारी, रविवार, सकाळ. पर्ली, सुपरमार्केटचा कार पार्क.

अण्णांबरोबरचा प्रवास टिपून ठेवायला डायरी सोबत घेतली होती.

घरी काचेवरचं बर्फ ऑफिसच्या आयकार्डाने खरवडलं. आयकार्ड तुटलं. निघालो. थोडं पुढे येतो न येतो तोच एका लॉरीने रस्त्यावरचा मिठाचा चिखल काचेवर उडवला. वायपर लावले. पहिल्याच फेरीत काचेवर पांढरा लेप बसला. दुसऱ्या फेरीत आणखी जाड. पाण्याचं बटण दाबलं, पाणी येईना. बाटलीत नळाचं पाणी, म्हणजे आता बर्फच. खिडकीतून मुंडी बाहेर काढून कसाबसा इथवर आलो. मागचे सगळे हॉर्न मारत होते. टिश्यूने पुसलं, तर लेप काचभर पसरला. गाडीभर वास, न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखा.

खोबरेल थंडीत गोठतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

एव्हाना विमान उतरलं असेल. अण्णा ट्रॉली धरून माझा चेहरा शोधत असतील. त्या विचाराने खरंच रडू आलं. शेवटी आसावरीला फोन केला आणि म्हणालो, अनुपला विचार, त्याला जमेल का. ती म्हणाली, तो केव्हाच पोचलाय. मी कालच सांगून ठेवलं होतं.

सुटल्यासारखं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

२३ जानेवारी, सोमवार

अण्णा सुखरूप आहेत. अनुपने त्यांना वाटेत कॉफी पाजली, वाट वाकडी करून विंडसरचा किल्ला लांबून दाखवला. किती सफाईने गाडी चालवतो म्हणे. हे मी सकाळपासून ऐकतोय. काच आसावरीने गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन धुतली.

संध्याकाळी अण्णांनी डोक्याला लावायला खोबरेल मागितलं. आसावरीने संपलं म्हणून सांगितलं, आणि कुठे संपलं तेही सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग टकलावरून कोरडाच हात फिरवला.

परतीचं विमान मे महिन्यात आहे. मी म्हणालो, सोडायला मीच येणार. ते म्हणाले, अनुपरावांशी बोलणं झालंय. मी म्हणालो, अहो अण्णा, मेमध्ये इथे थंडी नसते, बर्फ नसतं, तेलसुद्धा पातळ असतं.

अण्णा म्हणाले, तरीही.