तारखांची रिकामी चौकट

प्रिय ताई,

तुला आणि आईबाबांना प्रभूमध्ये सलाम. मी ठणठणीत आहे. अंगठ्याला पट्टी आहे, पण आईला सांगू नकोस. मी कॉलेज सोडल्याचा बाबांचा राग उतरला का?

इथे मी कबरींचे दगड कोरतो. वर नाव, खाली जन्म-मृत्यूच्या तारखांसाठी चौकट. हाताला तीच सवय लागलीय. परवा चर्चच्या दारावरच्या दगडावर नुसतं 'परमेश्वर' कोरायचं होतं, तर मी त्याच्याखालीही चौकट कोरून ठेवली! मिस्त्री पोट धरून हसले. "अरे मजनू, तारखा कुठून आणणार? हा कधी जन्मला आणि कधी मरणार?"

माझं डोकं सटकलं, हातोडी आपटली. तेवढ्यात चर्चचे पाळक आले. चौकटीवरून हात फिरवत म्हणाले, "राहू दे रिकामी. डोंगर नव्हते तेव्हाही तो होता, आपण सगळे गेलो तरी असणारच आहे. यापेक्षा नीट कोण सांगणार?"

ताई, त्या चौकटीसमोर बसून डबा खाल्ला आणि राग कुठल्या कुठे गेला. तुझ्या मैत्रिणीला मी बजावलं होतं ना, महिनाअखेरपर्यंत उत्तर दे, नाहीतर संपलं? तिला सांग, ती तारीख मी काढून टाकली. ज्याला कसलीच घाई नाही, त्याच्यावर सोपवलंय. तिनेही सावकाश विचार करावा.

तू मात्र उलट टपाली कळव, हे ऐकून ती हसली का?

तुझा तापट, पण सुधारतोय असा,
धाकटा