चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं तेव्हाचं वय मी केव्हाच मागे टाकलं. कराडच्या शाळेत तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात तेव्हा केवढ्या मोठ्या वाटायचात. आज विचार केला तर जेमतेम पस्तिशीच्या असाल. मी पंचाहत्तरीला टेकलोय. जर्मनीत कार्ल्सरूहेला राहतो. ज्या यंत्रांच्या कारखान्यासाठी आलो होतो तिथूनच निवृत्त झालो, आणि आता सकाळी राजवाड्यामागच्या रानात फिरायला जातो. फिरताना तुम्ही शिकवलेल्या कविता म्हणतो, मोठ्यानं. समोरून कुत्री घेऊन येणारी माणसं ‘मॉर्गन’ म्हणतात आणि जरा बाजूनं निघून जातात. पण आज कवितेबद्दल लिहायचं नाहीये. आज लिहायचंय ते अमेरिकेच्या अध्यक्षपदाला कुणी उभं राहावं याबद्दल. हसू नका. मलाही हे लिहिताना थकल्यासारखं होतंय.

माझी मुलगी इथेच जन्मली, पुढे शिकायला ओहायोला गेली आणि तिथलीच झाली. तिथे ती मत देते, एवढंच नाही तर हातात कागद घेऊन दारोदार फिरते. तिच्याकडे एक निवडणूक संपली की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू होते. आधी पक्षातल्या पक्षात भांडायचं की आपल्यातलं कोण उभं राहणार, आणि जो कोणी उरेल त्यानं मग समोरच्या पक्षाशी भांडायचं. आमच्या ट्रामलासुद्धा कुठेतरी शेवटचा थांबा असतो, तसा यांना नाही. मी स्वतः अजून भारताचा निळा पासपोर्ट सांभाळून आहे, त्यामुळे इथे मला मत नाही, आणि मतदानाला म्हणून भारतात काही जाणं होत नाही. थोडक्यात, मी कुठलाच मतदार नाही, आणि तरी रोज सकाळी चहाच्या आधी अमेरिकेच्या बातम्या वाचतो. बायको म्हणते, “अहो, तुम्हाला तिथे विचारतंय कोण? ब्युर्गरआम्ट कचेरीचं पत्र चार दिवस टेबलावर पडलंय, ते वाचा आधी.”

दर शनिवारी आम्ही चार मराठी म्हातारे सुपरमार्केटमध्ये भेटतो. इथे रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकल्या की एक चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की बाटल्यांचे पैसे परत मिळतात. ते झालं की शेजारच्या बेकरीत कॉफी. महिन्याभरापूर्वीचा शनिवार. आमच्यातले एक नागपूरकर आहेत, गिअरबॉक्समध्ये आयुष्य काढलेले, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, “नुसत्या गप्पा काय हाणता बे? होऊन जाऊ द्या मतदान!” मग ज्यानं त्यानं आपापल्या बाटल्यांच्या चिठ्ठीमागे नाव लिहिलं: मुलीच्या पक्षातर्फे कुणी उभं राहावं. मी वाचून दाखवली. चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव, एका राज्याच्या गव्हर्नरचं. उंच, केस नीट बसवलेला, कुणालाही न दुखावता बोलणारा माणूस. नागपूरकर खूश झाले. “बघा! एकमत! गेनाऊ, अगदी बरोबर!” मी सहज विचारलं, “पण तुम्हाला आवडतो का हो तो?” तर म्हणाले, “छे! दगड आहे. पण निवडून येईल ना.” दुसऱ्यालाही आवडत नव्हता. तिसऱ्याला तर त्याचं हसणं बघवत नाही. आणि मलाही आवडत नव्हता, बाई. मग चिठ्ठ्यांचे पैसे घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या पोरीनं चिठ्ठ्यांच्या मागची देवनागरी अक्षरं बराच वेळ निरखली आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही काही कट करतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्या संध्याकाळी मुलीचा फोन येतो, तेव्हा तिच्याकडे दुपार असते. मी मोठ्या उत्साहानं तिला आमचा निकाल सांगितला. तिचा जीव एका बाईवर जडलेला होता. सेनेटर आहे, चष्मा लावते, प्रश्न विचारला की आधी नीट ऐकून घेते आणि मग बोलते. मी म्हटलं, “अगं, चांगलीच आहे ती. पण बाई माणूस, त्यात सावळी, नावही तिकडच्यांना उच्चारता येत नाही. लोक मत देतील का? उभी राहून पडण्यापेक्षा न राहिलेली बरी.” मला वाटलं इंटरनेट गेलं. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही हे वाक्य मला एकदा बोलला आहात.” मी विचारलं, केव्हा? “आठवीत. क्लासेनश्प्रेशरसाठी मी नाव दिलं होतं. तुम्ही म्हणालात, आपण इथे पाहुणे, तुझं नावसुद्धा त्यांना घेता येत नाही, कशाला हसं करून घेतेस. मी दुसऱ्या दिवशी नाव मागे घेतलं.” मी म्हटलं, “तुला त्रास होऊ नये म्हणून—” ती म्हणाली, “जा, जा. आईला द्या फोन.”

खरं तर मला ते आठवतही नव्हतं. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता, मुलगी तेरा वर्षांची होती, मी कारखान्यातून दमून आलो होतो, आणि काळजीनं चार शब्द बोललो होतो. मी तर ते प्रेमाच्या खात्यात टाकून विसरून गेलो. तिनं मात्र जपून ठेवलं होतं. त्यानंतरचे तीन रविवार ती फक्त आईशी बोलली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकतो. बायको भाजी परतता परतता म्हणते, “हो, बरे आहेत. हो, इथेच आहेत.” आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवते. फोन काही माझ्याकडे येत नाही.

त्याच दिवसांत रानात फिरताना एक कविता मधेच अडली, आणि तिच्या जागी तुमचा वर्ग उभा राहिला. आमची सातवी. हेडमास्तरांनी सांगितलंय की मॉनिटर मुलांनी निवडायचा. तुम्ही जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू फाडून चिठ्ठ्या केल्या आहेत, तुमच्या बोटांना निळी शाई लागली आहे. पण चिठ्ठ्या वाटायच्या आधी तुम्ही एकेकाला उभं करून विचारताय, कोण हवा आणि का. माझी पाळी येते. मी फौजदाराच्या मुलाचं नाव घेतो. तुम्ही विचारता, “का रे?” मी म्हणतो, “बाई, सगळे त्यालाच देणार आहेत.” वर्ग हसतो, मलाही वाटतं आपण काही हुशारीचं बोललो. तुम्ही हसत नाही. “सगळ्यांचं मी सगळ्यांना विचारीन. कोण येणार ते मी विचारलं नाही. तुला कोण हवा?” मला तेलवाल्याची मुलगी हवी होती, बाई. ती मधल्या सुट्टीत आम्हाला अपूर्णांक समजावून द्यायची आणि कुणाला चिडवायची नाही. पण ते नाव काही तोंडातून निघेना. तुम्ही मला बस म्हणाला नाहीत. पुढची सबंध कविता तुम्ही शिकवलीत आणि मी उभा. तिला चार चिठ्ठ्या पडल्या. त्यात माझी नव्हती. तिनं फळ्यावरचा तो चारचा आकडा पाहिला आणि पुस्तक उघडलं. मागे वळून कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. साठ वर्षं मी ही गोष्ट लोकांना तुमच्या कडक शिस्तीची गंमत म्हणून सांगत आलो. माझी गोष्ट म्हणून कधी सांगितली नाही.

तीन आठवडे मी परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. मुलीच्या पक्षातून उभं राहू बघणारी जेवढी माणसं होती त्या सगळ्यांची भाषणं ऐकली. बायको म्हणाली, “मुलीच्या लग्नाची स्थळंसुद्धा इतकी बारकाईनं बघितली नव्हतीत.” परवाच्या रविवारी तिनं फोन माझ्या हातात दिला. दिला म्हणजे जवळजवळ कोंबलाच. मी म्हटलं, “हे बघ, मी विचार केला. मला कोण हवं ते सांगू?” ती म्हणाली, “सांगा.” आवाज अजून कोरडाच. मी नाव घेतलं. तिची चष्मेवाली नव्हे. कुठल्याशा लहान गावची महापौर आहे, आवाज बारीक, भाषणात अडखळते, पण तिच्या गावात पूर आला तेव्हा कुठल्या घरात किती म्हातारी माणसं आहेत ते तिला तोंडपाठ होतं. तेवढ्यावरून मला ती आवडली. मुलगी एकदम म्हणाली, “ती? बाबा, तिला कोण मत देणार!” आणि थांबली. मी ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं. मग तीच आधी हसली. तिचं ते हसणं लहानपणी आंघोळीच्या वेळी यायचं तसं होतं, मधेच उचकी लागल्यासारखं.

हसणं संपल्यावर मी म्हणालो, “आठवीत तू उभं राहायला हवं होतंस. माझं चुकलं.” ती म्हणाली, “निवडून आले नसते, बाबा. त्या वर्गात तर मुळीच नाही.” मी म्हटलं, “नसतीस आली.” “गेनाऊ,” ती म्हणाली. “पण उभी राहिले असते.” मग तिनं विचारलं, तुमच्या त्या महापौरबाईचं पुराचं भाषण कुठे सापडलं, मला पाठवा. आम्ही पाऊण तास बोललो. बायकोनं पोळ्या झाकून ठेवल्या.

हे सगळं तुम्हाला का लिहिलं ते मलाही नीट सांगता येत नाही. पत्र लांबलं, आणि ते कुठे टाकायचं नाहीये हे ठाऊक असल्यामुळे अक्षरही बिघडत गेलं. तुम्ही लाल रेघ मारली असती. तेव्हा आता एक कबूल करतो आणि थांबतो. अमेरिकेचा अध्यक्ष कोण होतो याचं मला काहीएक पडलेलं नाही, बाई. कधीच नव्हतं. रविवारी मुलगी माझ्याशी ‘बरे आहात ना, औषध घेता ना’ यापलीकडे फक्त याच एका विषयावर बोलते, म्हणून मी रोज सकाळी डोळे चोळत त्या बातम्या वाचतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही.